पायाला हात लावायचा परवाना कुठून घ्यायचा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तू देवगड तालुक्यातली, बारावी झालीस. नीटमध्ये सरकारी एमबीबीएस मिळण्याइतके गुण नाहीत, फिजिओथेरपीला मात्र नंबर लागेलसं वाटतं. इंग्लंडमधला मामा म्हणतो, इकडे येऊन पोडायट्री, म्हणजे पायांच्या आजारांवरच्या उपचारांचं शिक्षण, कर. दोन वर्षांपूर्वी शुगरमुळे आजीच्या उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला, तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. आणि शेवटी लिहिलंयस, 'काम करायचंय ते कोकणातच. पण भारतात याचं कॉलेजच नाही म्हणतात. मग हे करिअर होऊ शकतं का?'

होऊ शकतं. माझं झालंय, पण सरळ रस्त्याने नाही. मी जनरल सर्जन. कुडाळला छोटं रुग्णालय आहे, आणि गेली सतरा वर्षं आठवड्यातले तीन दिवस फक्त पाय बघतो. माझ्या पाटीवर 'पोडायट्रिस्ट' असं कुठेही लिहिलेलं नाही, कारण ती पदवी माझ्याकडे नाही. (तुझ्या वयाची भाची आहे मला, म्हणून एकेरीत लिहितोय. राग मानू नकोस.)

तू विचारतेयस, कॉलेज कुठे आहे. माझ्या मते प्रश्न वेगळा आहे. पायाला हात लावायचा, ब्लेडने घट्टा तासायचा, जखम साफ करायची, औषध लिहायचं, प्लॅस्टर घालायचं, यातलं काय काय करायचा कायदेशीर परवाना तुला कुठल्या पदवीवर मिळणार? पाय शिकता येतात. मी त्यातलं निम्मं शिक्षण संपल्यावरच शिकलो. परवाना मात्र मागाहून चिकटवता येत नाही.

परदेशात ही भानगड नाही. अमेरिकेत डॉक्टर ऑफ पोडायट्रिक मेडिसिन ही स्वतंत्र पदवी आहे. आधी कॉलेज, मग चार वर्षं पोडायट्रीचं, मग तीन वर्षं रेसिडेन्सी. ही मंडळी पायाची आणि घोट्याची ऑपरेशनंही करतात. इंग्लंडमध्ये तीन वर्षांची बीएस्सी, स्कॉटलंडमध्ये चार. तिथे 'पोडायट्रिस्ट' हा शब्दच कायद्याने राखीव आहे, एचसीपीसी नावाच्या परिषदेत नोंद नसेल तर तो नावापुढे लावता येत नाही. इंग्लंडचा पोडायट्रिस्ट भूल देऊन नख काढतो, घट्टे आणि जखमा बघतो, आणि २०१३ पासून पुढचं प्रशिक्षण घेतलं असेल तर औषधंही स्वतः लिहू शकतो. चांगला, मानाचा व्यवसाय आहे. मामा चुकीचं सांगत नाहीये.

पण मामाला तू परत येणार आहेस हे ठाऊक आहे का? इंग्लंडची ती बीएस्सी घेऊन कुडाळात उतरलीस तर इथे तू डॉक्टर नाहीस. औषध लिहिता येणार नाही, शस्त्रक्रिया करता येणार नाही. अमेरिकेची पदवी आणलीस तरी इथल्या मेडिकल कौन्सिलच्या लेखी ती एमबीबीएस नव्हे. कुठल्यातरी सर्जनच्या हाताखाली काम करावं लागेल, आणि तो चांगला निघाला तर नशीब. परदेशी विद्यार्थ्यांची फी तिथल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त असते, ती फेडायला पौंडातच कमवावं लागतं. म्हणजे परतायचं साल पुढे पुढे सरकत जातं. तिथेच राहायचं असेल तर आनंदाने जा. 'कोकणातच' हा शब्द पक्का असेल तर तो रस्ता लांबचा आहे.

आपल्याकडे पाय वाटून टाकलेला आहे. हाड अस्थिरोगतज्ज्ञाचं, कातडी त्वचारोगतज्ज्ञाची, रक्तवाहिनी मुंबई-कोल्हापूरच्या व्हॅस्क्युलर सर्जनची, शुगर फिजिशियनची, जखम माझ्यासारख्याची. चप्पल कुणाचीच नाही. आणि पाय वाचतो की जातो हे बऱ्याचदा त्या चपलेवर ठरतं.

गंमत म्हणजे या विद्येचा मोठा भाग भारतातूनच जगात गेला, आणि तो मधुमेहातून नाही, कुष्ठरोगातून. पॉल ब्रँड हे १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले इंग्रज सर्जन १९४६ मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांची बोटं 'सडून गळतात' असा तोवर सार्वत्रिक समज होता. ब्रँडनी दाखवून दिलं की मांसात काही खोट नाही, वेदना गेलेली आहे. कळत नाही म्हणून माणूस गरम भांडं धरतो, टोचणाऱ्या खिळ्यावर चालत राहतो, आणि हातपाय झिजतात. पुढे ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायांना हाच विचार आणि कुष्ठरोग्यांच्या पायाला जखमेवरचा भार काढायला घालायचे तेच प्लॅस्टर लागू पडलं. आज आपण पेशंटला देतो ती एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची चप्पलही कुष्ठरोगाच्या कामातूनच आलेली. मधुमेहाच्या पायाबद्दल इथे मुंबईत डॉ. अरुण बाळ, नागपुरात डॉ. शरद पेंडसे, चेन्नईत डॉ. विजय विश्वनाथन अशा लोकांनी काम उभं केलं. पेंडसेंच्या 'स्टेप बाय स्टेप' कार्यक्रमातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. तिथे डॉक्टरला एकट्याला शिकवत नसत, त्याच्याबरोबर त्याच दवाखान्यातली परिचारिका किंवा सहायकही यायचा. जोडी शिकायची. यात तुझ्यासाठी उत्तराचा धागा आहे, पुढे येतोच त्याकडे.

आता दारं. पहिलं माझं, एमबीबीएस, मग सर्जरी किंवा ऑर्थोपेडिक्स, मग डायबेटिक फूटची फेलोशिप. कोचीच्या अमृता इन्स्टिट्यूटमध्ये पोडायट्रिक सर्जरीचा विभागच आहे. धरून चाल दहा वर्षं. हातात सगळे परवाने येतात. त्यासाठी नीट पुन्हा द्यायची की नाही हे तुझे गुण किती कमी पडले, घरची परिस्थिती काय आणि आणखी एक वर्ष त्याच पुस्तकांत डोकं खुपसायची तुझी तयारी किती, यावर आहे. ते मी इथून सांगू शकत नाही. थोडक्यात हुकलं असेल तर एकदा देऊन बघ. तीनदा देऊ नकोस.

दुसरं दार फिजिओथेरपी. पायावर येणारा दाब, चाल, स्नायूंचा तोल, घोट्याची हालचाल हे सर्जनपेक्षा फिजिओथेरपिस्टला चांगलं कळतं. हे मी नम्रपणा म्हणून म्हणत नाहीये, माझ्या दवाखान्यात रोज दिसतं. पोटरी आखडून घोटा वर वळेनासा झाला की सगळा भार चवड्यावर येतो आणि तिथेच जखम होते. मी ती जखम सहा वेळा साफ करीन, पण भार कुठून येतोय ते फिजिओथेरपिस्टने पाहिलं नाही तर सातव्यांदा आहेच. तिसरं दार लोकांना माहीतच नसतं, प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्सची पदवी. कृत्रिम पाय, स्प्लिंट, इनसोल, बूट बनवणारे हे लोक. मुंबईत हाजीअलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये ही पदवी मिळते, नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. अख्ख्या सिंधुदुर्गात मला असा माणूस शोधून सापडत नाही, आणि गरज दर आठवड्याला पडते. चौथं नर्सिंग. बीएएमएसबद्दल तू विचारलेलं नाहीस, पण घरचे विचारतील. तिथून शल्यतंत्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या शस्त्रक्रियेच्या शाखेत, जाऊन जखमांचं उत्तम काम करणारे मला माहीत आहेत, फक्त आपला परवाना कुठे संपतो हे तिथे जास्त बारकाईने बघावं लागतं. २०२१ च्या कायद्याने डॉक्टर, नर्स वगैरे सोडून इतर बऱ्याच आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग आलाय, त्यामुळे कुठलाही कोर्स घेण्याआधी त्या कॉलेजच्या मान्यतेचा कागद डोळ्यांनी बघ. 'सहा महिन्यांत पोडायट्री डिप्लोमा' असल्या जाहिराती दिसतील. आधी परवाना देणारी पदवी असेल तर असा कोर्स वर भर म्हणून ठीक, नुसत्या त्यावर दवाखाना थाटता येत नाही.

एवढं झाल्यावर आता काम कसलं असतं ते सांगतो, कारण त्याची कल्पना नसताना मुलं येतात आणि दोन महिन्यांत पळतात. पुस्तकात मधुमेही पाय एक असतो. कोकणात तो ऋतूप्रमाणे बदलतो.

जून-जुलैत लावणी. दिवसचे दिवस पाय चिखलात, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून चिरतात. तुझ्या आजीचंही 'चिखल्या झाल्या होत्या' एवढंच तू लिहिलंयस. आपल्याकडे चिखल्या म्हणजे आजार मानतच नाहीत, पावसासारख्या त्या येतात आणि जातात. शुगर असलेल्या बधिर पायात मात्र त्या चिरेतून जंतू आत शिरतात आणि स्नायुबंधाच्या नळीतून तळव्यात पसरतात. वरून दिसतं इवलंसं, आत पू घोट्यापर्यंत. त्यात लेप्टोच्या (उंदरांमुळे पसरणारा ताप) भीतीने आपण लोकांना गमबूट घालायला सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण बधिर पायाच्या माणसाने गमबुटात अडकलेला खडा दिवसभर घेऊन नांगर धरला तर संध्याकाळी मोजा रक्ताने चिकटलेला असतो. म्हणून माझ्याकडे सल्ला जोडीने मिळतो, गमबूट घाल, पण घालण्याआधी उलटा करून आपट, आणि आत हात फिरव. हाताला कळतं, पायाला कळत नाही.

दिवाळीनंतर थंडी, टाचांच्या भेगा. मग येतो बिब्बा. काटा मोडला, कुरूप झालं, भेग पडली, की बिब्ब्याचा चटका द्यायचा, नाहीतर काजूच्या टरफलाचं तेल भरायचं. ज्याला कळतं तो चटका बसला की ओरडतो आणि थांबतो. ज्याला कळत नाही तो आणखी लावतो. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कॉर्न कॅपचं तेच, त्यातलं सॅलिसिलिक अॅसिड कुरूप आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही. एप्रिल-मेमध्ये कातळ तापतो, देवळाच्या फरश्या तापतात. शिमग्यात पालखीबरोबर अनवाणी, हे वेगळंच. 'देवाच्या कामाला चप्पल घालायची?' या प्रश्नाला माझ्याकडे वैद्यकीय उत्तर नाही. सकाळी लवकर जा आणि आल्यावर तळवे आरशात बघ, एवढंच सांगतो. निम्मे ऐकतात.

किनाऱ्यावर आणखी निराळं. कालवं काढणाऱ्या बायकांचे पाय खडकांनी कापलेले असतात, आणि खाऱ्या पाण्यातल्या जखमेत असे जंतू शिरतात की एका रात्रीत पाय काळा पडू शकतो. मालवणकडचा एक खलाशी होता, पाकटाचा काटा घोट्याच्या वर लागला. घरच्यांनी पाय गरम पाण्यात धरला. आता हा उपाय चुकीचा नाही, पाकटाचं विष उष्णतेने निकामी होतं आणि कळ थांबते. नियम एवढाच की पाणी सोसवेल तेवढं गरम हवं. घोट्याच्या वर त्याला कळत होतं, तिथे बरं वाटलं म्हणून तो आणखी कढत घाला म्हणत राहिला. तळवा बारा वर्षांच्या शुगरने बधिर. काट्याची जखम आठ दिवसांत बरी झाली, तळव्याची भाजलेली कातडी भरायला साडेतीन महिने लागले. 'सोसवेल तेवढं' हे शब्द मी तेव्हापासून पेशंटसमोर उच्चारत नाही. दुसऱ्याच्या कोपराने पाणी बघा, असं सांगतो.

या सगळ्यात एक वाक्य कायम ऐकू येतं. परवाच एक आजी टेबलावर बसल्या, तळव्याला रुपयाएवढं भोक, आणि मला म्हणतात, "डॉक्टरांनू, माका दुखणा नाय. सुनेन धाडल्यान म्हणान इलंय." दुखत नाही हीच तक्रार असते. चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि दहा पावलं गेल्यावर दुसऱ्याने सांगितलं, असं कुणी हसत हसत सांगितलं की मी हसणं थांबवतो.

तपासणी साधी असते, पण हात बसायला वेळ लागतो. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणजे दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा एक जाड केस. तो आधी पेशंटच्या हातावर टेकवून दाखवायचा, मग डोळे मिटायला सांगून तळव्यावर, वाकेल इतकाच दाबायचा, सेकंद-दीड सेकंद. घट्ट्यावर टेकवायचा नाही, तिथे कुणालाच कळत नाही. 'कळलं का?' असं प्रत्येक वेळी विचारायचंही नाही, पेशंट मास्तरांना खूश केल्यासारखं 'हो हो' म्हणत सुटतात. आणि कोकणातली एक गोष्ट मी चुकत शिकलो. नायलॉन ओल धरतो. आमच्या जुलैच्या हवेत तो मऊ पडतो आणि दहा ग्रॅमच्या आधीच वाकतो. मग ज्याला कळायला हवं त्यालाही कळत नाही. एका जुलैत माझे पेशंट अचानक फार बधिर झाले होते! आता मी तीन ठेवतो, हवाबंद डब्यात, सिलिकाच्या पुड्यांसह, आणि सलग दहा पेशंट झाले की त्या दिवसापुरती त्याला सुट्टी. कंपन कळतं का ते बघायला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क जोडीला असतोच, त्याला पावसाचं काही नाही. नाडी बोटाने, आणि शंका आली तर हातातल्या डॉप्लरने, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने.

माझी एक चूकही ऐक. ही फेलोशिपच्या आधीची. गणपतीला आलेला एक चाकरमानी, पन्नाशीचा, पंधरा वर्षांची शुगर. डावा पाय लाल, गरम, सुजलेला. भजनात रात्रभर उभा होतो म्हणाला. जखम कुठेच नाही, ताप नाही, दुखणं जेमतेम. मी एक्स-रे काढला, नीट दिसला. सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालचा जंतुसंसर्ग, समजून अँटिबायोटिक दिली, आठवड्याने बदलली, पुन्हा बदलली. तीन आठवडे तो त्याच पायावर मुंबईत लोकलने येत-जात राहिला. परत आला तेव्हा पायाची कमान बसून तळवा होडीच्या बुडासारखा बाहेर आला होता. शार्को फूट. आतली हाडं चुरत होती आणि मी जंतू शोधत होतो. सुरुवातीला एक्स-रे नीट दिसू शकतो, हे मला वाचून माहीत होतं. समोर पाय असताना आठवलं नाही. बधिर पाय, लाल, गरम, सुजलेला आणि जखम नाही, की आधी शार्को धरायचा, पाय प्लॅस्टरमध्ये टाकायचा आणि मग बाकीचं शोधायचं. दोन्ही पायांचं तापमान मोजलं असतं तरी पुरलं असतं, दोन अंश सेल्सिअसहून जास्त फरक म्हणजे धोक्याची घंटा. करोनानंतर प्रत्येक दुकानात धूळ खात पडलेल्या त्या पिस्तुलासारख्या थर्मामीटरचा हा उत्तम उपयोग आहे, फक्त तो शरीराच्या नव्हे, पृष्ठभागाच्या मोडवर हवा. त्या गृहस्थांचा पाय वाचला, आकार गेला तो गेलाच. दरवर्षी गणपतीत येऊन दाखवून जातात आणि बूट बदलून घेतात.

बुटावरून आमच्या कारागिराची गोष्ट. माझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक चप्पल कारागीर बसतात, आठवड्यातून दोनदा. मी त्यांना शिकवलं की खिळा मारायचा नाही, सगळं चिकटवायचं आणि शिवायचं, बोटांना जागा ठेवायची, मागे पट्टा हवाच. त्यांनी मला जे शिकवलं ते जास्त महत्त्वाचं. मी सुरुवातीला काळ्या एमसीआरच्या चपला द्यायचो, आणि लोक त्या घेऊन जायचे आणि घालायचे नाहीत. मला वाटायचं आळस. कारागीर म्हणाले, "साहेब, ही महारोग्याची चप्पल आहे. गावात ओळखतात." बरोबर होतं, कुष्ठरोगाच्या दवाखान्यातून वर्षानुवर्षं तीच वाटली गेली होती. त्यांनी तळ तोच ठेवून वरचे पट्टे तपकिरी चामड्याचे केले, कोल्हापुरीच्या घाटाचे. त्याच महिन्यात दोन बायकांनी जास्तीची जोडी मागितली. शिवाय घरात चप्पल घालायची नाही ही आपली पद्धत, त्यामुळे निम्मा दिवस पाय उघडाच. आता आम्ही घरातली आणि बाहेरची अशा दोन जोड्याच देतो. घरातलीला त्यांनी 'माजघरातली चप्पल' असं नाव दिलंय, त्या नावाने ती सासूबाईंनाही चालते.

पैसा. हे तू विचारलं नाहीस, विचारायला हवं होतं. नुसत्या पायांवर माझं घर पहिली सहा वर्षं चाललं नाही. हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याध यांनी चालवलं. कारण बरं झालेल्या पायाचे पैसे लोक देतात, पण न झालेल्या जखमेचे कोण देणार? घट्टा तासायला आणि तपासायला मी तीनशे रुपये घेतो, पाऊण तास जातो. तेवढ्या वेळात बाह्यरुग्णांत दुप्पट होतात. हिशेब बसायला लागला तो जोडीने काम सुरू केल्यावर. दवाखान्यातल्या सिस्टर तपासणी आणि ड्रेसिंग करतात, फिजिओथेरपिस्ट मॅडम चाल आणि इनसोलचं माप बघतात, मी फक्त कापाकापी आणि प्लॅस्टर. आजूबाजूच्या फिजिशियनना पटलं की हा पाय कापायला नाही तर ठेवायला बघतो, मग पेशंट येऊ लागले. आमच्याकडचे लोक पूर्वी थेट गोव्यातलं बांबोळी, कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठायचे, तेही पाय काळा झाल्यावर. अजूनही मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर पाठवावंच लागतं. पण पेशंटची ददात पडणार नाही. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात देशात मधुमेही दहा कोटींवर निघाले, आणि मधुमेह्यांपैकी साधारण पाचातल्या एकापासून तिघांतल्या एकापर्यंत लोकांना आयुष्यात कधीतरी पायाची जखम होते. भरलेली जखम वर्षाच्या आत परत येण्याचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. हा शेवटचा आकडा नीट वाच. म्हणजे जखम भरली की काम संपत नाही. आणि त्यापुढचं काम सर्जनचं नाही.

म्हणून, तू जे लिहिलंयस तेवढ्यावरून माझं मत, फिजिओथेरपी घे. नीटचा एक प्रयत्न करायचा असेल तर कर, पण फिजिओथेरपीला 'एमबीबीएस नाही तर हे' असं समजून जाऊ नकोस. पहिल्या दोन वर्षांत शरीररचनेत पाय कोळून पी. सव्वीस हाडं आहेत, दोन्ही हातांनी चाचपून डोळे मिटून नाव सांगता आलं पाहिजे. इंटर्नशिपच्या आधी सुट्टीत एखाद्या डायबेटिक फूट क्लिनिकमध्ये नुसती बसून बघ. वास सहन होतो का, हा पहिला प्रश्न. मला पहिल्या आठवड्यात झाला नव्हता. पदवीनंतर चालीचं आणि इनसोलचं प्रशिक्षण. मग कोकणात एखादा सर्जन किंवा मधुमेहतज्ज्ञ शोध ज्याला जोडी हवी आहे. शोधावा लागणार नाही खरं तर. जखमेत ब्लेड तू घालणार नाहीस, औषध तू लिहिणार नाहीस, हे पहिल्या दिवशी कागदावर ठरवून घे. बाकी भार, चाल, चपला, व्यायाम, घरोघरची तपासणी हे सगळं तुझं, आणि त्यात कुणाच्या हाताखाली असल्याचं वाटायचं कारण नाही. इंग्लंडची पोडायट्री त्यानंतरही करता येते, तेव्हा तू इथला परवाना खिशात ठेवून जाशील.

राहिली आजी. ती तुझ्या करिअरपेक्षा तातडीची आहे. ज्याचं बोट एकदा गेलंय तो पाय सगळ्यात धोक्याच्या गटात मोडतो, दर एक ते तीन महिन्यांनी कुणी जाणत्याने तो बघायला हवा. दोन वर्षांत बघितलाय का, तू लिहिलेलं नाहीस. तोवर एक काम तू कर. आजीला खाटेवर आडवी कर, डोळे मिटायला सांग. तुझ्या तर्जनीने पायाच्या बोटांच्या टोकांना नुसता स्पर्श कर, दाबायचं नाही, चोळायचं नाही, सेकंद-दोन सेकंद. अंगठा, मधलं बोट, करंगळी, दोन्ही पायांची. उजवा अंगठा नाही म्हणजे पाच जागा. स्पर्श झाला की 'डावा' किंवा 'उजवा' असं तिने म्हणायचं. पाचांतल्या दोन किंवा जास्त ठिकाणी ती गप्प राहिली तर पाय बधिर आहेत. मग बेचक्या उघडून बघ, ओल्या असतील तर सुक्या फडक्याने टिप, तिथे तेल किंवा व्हॅसलीन घालू नकोस. तळव्यावर घट्टा असेल आणि त्याच्या आत काळसर डाग दिसत असेल तर ते आत साकळलेलं रक्त आहे, त्याच आठवड्यात दाखव. आणि ती कुठली चप्पल घालते ते बघ. बहुतेक अंगठ्याची स्लिपर असेल, आणि अंगठाच नसलेल्या पायात ती धरून ठेवायला बाकीची बोटं दिवसभर आवळलेली असतील. ती आधी काढून घे.